शेवंतीला कोंडवाड्यात ॲडमिशन

"मोकळं सोडायचं, पण पळू द्यायचं नाही," असं जनावरांच्या डॉक्टर सुरभी मॅडम म्हणाल्या आणि मी मान हलवली. डॉक्टर काहीही म्हणाले की मी मान हलवते. मैतू झाली तेव्हा 'बाळ झोपलं की तुम्हीही झोपत जा' असं सांगितलं होतं, तेव्हाही मी अशीच हलवली होती. मॅडमची स्कूटी बाभुळगावच्या रस्त्याला लागली आणि मग माझ्या लक्षात आलं, की घोडी मोकळी सोडल्यावर ती पळू नये यासाठी नेमकं काय करायचं असतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

शेवंती म्हणजे आमची वरातीची घोडी. पांढरी, लांब पापण्यांची, आणि स्वभावानं जरा नखरेल. उन्हाळ्यातल्या शेवटच्या वरातीत नालीवरच्या फुटक्या फरशीत तिचा पुढचा डावा पाय गेला आणि नस दुखावली. नवरदेवाला काही झालं नाही. तो वरच बसून राहिला, फोटो काढत.

तेव्हापासून मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गोठ्याकडे पाठ फिरवली. बळीरामजींची घोडी म्हणून ज्या शेवंतीला चार गावं ओळखत, जी जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी सगळ्यात पुढे असे, तिच्याकडे ते बघेनात. "नस गेली म्हणजे घोडी गेली," एवढंच म्हणाले आणि उमरखेडच्या भगवानरावांना फोन लावला. भगवानरावांची वीटभट्टी आहे. लंगडी चालेल का, असं मामाजींनी विचारलं, तर तिकडून मोठ्यानं उत्तर आलं, "चालते ना! हळू गेली तरी चालते. विटा का पळून चालल्या?"

मी भांडी घासत होते. आमच्या घरात सगळे महत्त्वाचे निर्णय मी भांडी घासत असतानाच होतात. मी राखेचे हात तसेच घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "मामाजी, मी करते तिला बरी."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या कडेवर लोंबणाऱ्या मैतूकडे पाहिलं. "तुह्यानं होते काय?"

"होते."

"मंग लग्नसराई लागायच्या आत सरळ पळाली त आपली. नाही त भगवानरावची."

माझे यजमान अश्वजित राजूरला कोळसा खाणीत आहेत, रविवारी घरी येतात. त्यांना फोनवर हे सांगितलं तर त्यांनी ते दोनदा परत म्हणायला लावलं. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "ममता, तुले घोड्याची भीती वाटत होती ना?" वाटत होती. अजूनही वाटते. पण एकदा तोंडातून शब्द गेला की भीती हा खाजगी प्रश्न होतो.

पावसाळाभर शेवंती गोठ्यात बांधून होती. मग दोर धरून अंगणात हळूहळू चालवायचं, असा मॅडमचा हुकूम झाला. तेही केलं. एका हातात दोर, दुसऱ्या कडेवर मैतू, अशा आम्ही तिघी अंगणात फेऱ्या मारायचो. शेवंती लंगडायची, मी दमायची आणि मैतू टाळ्या वाजवायची.

या काळात शेजारच्या वच्छलाबाईंनी आम्हाला सल्ल्यांचं काही कमी पडू दिलं नाही. वच्छलाबाईंना पायाचं सगळं कळतं. घोडीच्या आणि पोरीच्या पायात त्या फारसा फरक करत नाहीत. मैतूचं वर्ष उलटलं तरी ती उभी राहत नव्हती, आणि शेवंती उभी राहून चालत नव्हती, त्यामुळे त्यांचे उपाय कुंपणावरून दोघींसाठी एकदमच यायचे.

"जवसाचं तेल लाव पायाले. दोघींच्याई."

"वच्छलाबाई, मैतूच्या पायाला काही झालेलं नाही."

"झाल्यावरच लावाव काय मंग?"

एकदा त्यांनी हळद, गूळ आणि कणकेचा गरम लेप आणून दिला. मी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "उपाय नाही, अपायही नाही. लावा." लेप लावला. शेवंतीनं मान खाली घातली, हुंगलं आणि सगळा चाटून खाल्ला. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई वाटी घेऊन आल्या तर घोडीनं त्यांना पाहूनच पाय उचलून पुढे केला. "पाय! पाय उचलून राह्यली! आला गुण!" असं ओरडत त्या गल्लीभर सांगून आल्या. ते ऐकून बघायला आलेल्या प्रत्येकापुढे शेवंतीनं पाय केला, आणि कुणीच लेप न आणल्यामुळे प्रत्येकाकडे अत्यंत तुच्छतेनं पाहिलं.

तर, मोकळं सोडायचं होतं. छोटी जागा हवी, चारही बाजूंनी बंद हवी, जमीन मऊ हवी, मॅडमनी असं सांगितलं होतं. आमचं अंगण म्हणजे एक फेरी मारली की घोडीचं तोंड तिच्याच शेपटीला लागतं. दिवस दिवाळीच्या आसपासचे. शेतात पऱ्हाटी उभी, तूर उभी. कोण आपल्या कापसात घोडी सोडू देणार? उरली आमच्या लेआउटमधली ओपन स्पेस. तिथे 'उद्यानासाठी राखीव' अशी पाटी आहे आणि पाटीखाली उद्यान सोडून सगळं आहे. पण एक कोपरा मात्र चांगला, भुसभुशीत, गवताचा. फक्त कुंपण नाही.

कुंपणाचं मी डोकं चालवलं. आमच्याकडे रानडुकरं पिकात येऊ नयेत म्हणून शेताला जुन्या साड्या बांधतात. यवतमाळहून कुठेही बसनं जा, दोन्हीकडे लुगड्यांची शेतं दिसतात. जे डुकराला थांबवतं ते घोडीला का नाही थांबवणार? मी माझ्या जुन्या साड्या काढल्या, नणंदेच्या आणल्या, वच्छलाबाईंनी त्यांची लाल जरीची दिली. पुरेना, तेव्हा मी माझा रिसेप्शनचा शालू काढला. तो मला आता कमरेला बसत नाही, पण हे कारण मी घरात सांगितलं नाही. 'शेवंतीसाठी' असंच सांगितलं. बांबू रोवले, साड्या गुंडाळल्या. लाल, पिवळी, हिरवी, मोरपंखी, वाऱ्यावर फडफडणारी अशी सुंदर चौकट तयार झाली. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मी शेवंतीला आत नेलं आणि दोर सोडला.

शेवंतीनं चारही बाजूंना पाहिलं. कान टवकारले. मान कमानीसारखी वाकवली. आणि नाचायला लागली.

इतकी वर्षं तिनं रंगीत कापडं कुठे पाहिली होती? मांडवात. रंगीत कापड दिसलं की नाचायचं, हेच मामाजींनी तिला शिकवलेलं. पुढचे दोन्ही पाय आळीपाळीनं उचलून, ठेका धरून, दुखऱ्या पायावर भार देत ती नाचत होती. मी "अगं नको, अगं नको" करत तिच्याभोवती फिरत होते, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला आम्ही दोघी नाचतोय असंच वाटलं असणार. ते वाटलंच. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "कोनाचं लगन होय वो?" आणखी दोघी आल्या. कुणीतरी जेवण कधी आहे तेही विचारलं. मैतू बाजूच्या चटईवर बसून ठेका धरत होती. मी शेवटी धावत जाऊन सगळ्या साड्या ओढून काढल्या, तेव्हा कुठे वरात थांबली. माझ्या शालूला एक मोठं भोक पडलं. शेवंतीचा पाय संध्याकाळी सुजला.

त्या संध्याकाळी मी गोठ्यात बसून तिचा पाय गार पाण्यात धरला आणि रडले. तिनं तिचं जड डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. सहानुभूतीनं ठेवलं असावं असं मला वाटतं. माझ्या केसांना जवसाचं तेल होतं हेही खरं.

सूज उतरली. मॅडम रागावल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "एखादी पक्क्या भिंतीची जागा बघा. रंगबिरंगी नको."

पक्क्या भिंतीची रिकामी जागा गावात एकच होती. कोंडवाडा.

मोकाट जनावरं कोंडायची ही जागा आमच्या नगर पंचायतीनं अलीकडेच दुरुस्त केली होती. उंच भिंती, नवं फाटक, पाण्याचा हौद, लिंबाची सावली, खाली मऊ रेती. आत एकही जनावर नव्हतं, कारण गावातली सगळी मोकाट जनावरं बसस्टँडवर असतात आणि त्यांना पकडून आणायला गाडी नव्हती. इतकी सुंदर जागा, आणि तिथे एकटे किसनसिंग, राखणदार, खुर्ची टाकून रिकाम्या रेतीची राखण करत बसलेले. मी फाटकातून पाहिलं आणि मला एकदम एखाद्या चांगल्या शाळेच्या गेटवर उभ्या असलेल्या आईसारखं वाटलं. आपल्या पोरीला इथेच घालायचं!

कार्यालयात अमर नावाचा तरुण कारकून होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, कोंडवाड्यात फक्त मोकाट जनावर घेता येते."

"मग घ्या ना."

"पण तुमची मोकाट नाही. तुम्ही तिचे मालक आहा. मालकानं स्वतः आणलेलं जनावर मोकाट कसं?"

"मी गेल्यावर होईल."

"आणताना नव्हतं ना पण." त्याच्या चेहऱ्यावर खरोखर वाईट वाटल्याचा भाव होता. मग त्यानं इकडेतिकडे पाहून आवाज खाली केला. "रस्त्यावर मोकाट सापडली, तर आम्हाले जमा करणं भागच आहे."

म्हणजे माझ्या घोडीला ॲडमिशन हवं असेल तर तिनं आधी वाया जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवंतीला फाटकाबाहेर रस्त्यावर नेऊन सोडलं आणि घरात आले. शेवंतीही घरात आली. परत नेलं, परत आली. मी मैतूला घेऊन पाण्याच्या टाकीमागे लपले, तर शेवंतीनं टाकीला वळसा घालून आम्हाला शोधून काढलं आणि मैतूच्या टोपीचा गोंडा खाल्ला. वच्छलाबाई कुंपणावरून बघत होत्या. "काहून हाकलून राह्यली वो बिचारीले? लंगडी झाली म्हणून घरातून काढतेस?" गल्लीतल्या बायकाही जमल्या. आता त्यांना काय सांगायचं? चांगल्या घरची, संस्कारी घोडी; तिला मोकाट होताच येत नव्हतं.

इकडे किसनसिंग, मी आदल्या दिवशी सांगून ठेवल्यामुळे, दोर घेऊन कोपऱ्यावर सकाळपासून उभे. त्यांच्या नोकरीतलं हे पहिलं जनावर. शेवटी ते फाटकाशी आले. शेवंतीचं तोंड आमच्या अंगणात होतं आणि बाकीची शेवंती रस्त्यावर.

"बाई," ते म्हणाले, "मांगचा भाग मोकाट हाय. मी मांगच्या भागावर कारवाई करतो. पुढचा आपोआप येईन."

आला. मी मागोमाग, कडेवर मैतू, हातात सरकीच्या ढेपेचं टोपलं. अटक झालेल्या आरोपीच्या नातेवाइकांना डबा घेऊन जाताना कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

नियमाप्रमाणे घंटागाडीच्या भोंग्यावरून गावभर पुकारा झाला. "ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवा. पांढऱ्या रंगाची एक मोकाट घोडी कोंडवाड्यात जमा आहे. मालकानं ओळख पटवून न्यावी." पांढरी घोडी गावात एकच. मामाजी त्या वेळी पानठेल्यावर चारचौघांत उभे होते. घरी आले ते टोपी काढून खाटेवर बसले. "माही घोडी. मोकाट. कचऱ्यासंगं नाव घेतलं." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी मैतूला सांगायचे, आणि मैतूला अजून मीठ हा शब्द येत नाही.

पण शेवंती! तिनं पहिल्या दिवशी रेतीत जी लोळण घेतली, चारही पाय आभाळाकडे, ती बघून मी तिथेच सगळी बेअब्रू माफ केली. भिंती इतक्या जवळ की पळावंसं वाटलं तरी पळता येत नव्हतं, आणि इतक्या लांब की हवं तेव्हा चालता येत होतं. 'मोकळं सोडायचं, पण पळू द्यायचं नाही' याचा अर्थ अखेर सरकारी भिंतींनी समजावून दिला. किसनसिंग रोज सकाळी फाटकाशी उभे राहून "शेवंती हजर?" असं विचारायचे आणि ती फुरफुरली की खुर्चीवर बसायचे.

अडचण एवढीच, की मुदतीत मालक आला नाही तर जनावराचा लिलाव होतो. म्हणून मुदत संपत आली की मी ओळख पटवून शेवंतीला सोडवायची, रस्ता ओलांडायची आणि किसनसिंग तिला पुन्हा मोकाट म्हणून पकडायचे. अमरनं एकदा काळजीनं विचारलं, "ताई, इतक्यांदा मोकाट होते, तुमचं घरी लक्ष नाही काय?" आणि हा तोच अमर!

तिचं लंगडणं कमी होत गेलं. आधी फक्त वळताना, मग फक्त सकाळी, मग मला शंका आली तरच.

आणि नेमके त्याच सुमारास भगवानराव टेम्पो घेऊन आले. सांगून नाही, इकडे कुठे काम होतं म्हणून. मामाजी त्यांना घेऊन थेट कोंडवाड्यात आले. मामाजी तिथे पहिल्यांदाच येत होते. मी आत होते, शेवंतीच्या अंगावरून ब्रश फिरवत.

भगवानरावांनी घोडीला चहूकडून पाहिलं. "दिसते त बरी."

"पळवून दाखव," मामाजी मला म्हणाले. "एक चक्कर. फाटक उघड, समोरच्या रस्त्यानं पळव. सरळ पळाली त आपली, मी बोललोतो तसं."

माझ्या हातातला ब्रश थांबला. सरळ पळाली असती. मला जवळजवळ खात्री होती. एक चक्कर, आणि शेवंती आमची. पण मॅडमनी पळवायला अजून परवानगी दिली नव्हती. डांबरी रस्ता, कच्ची नस. त्या एका चकरेत पाय परत गेला तर? आणि नाही पळवली तर समोर टेम्पो उभाच होता, मागचं फळकूट उघडून.

"नाही पळवणार, मामाजी," मी म्हणाले. आवाज माझा नव्हताच, कुठल्यातरी हिमतीच्या बाईचा होता.

"मंग लंगडीच समजाव काय?"

"समजा. पण डॉक्टर सोडा म्हणत नाहीत तोवर ती पळणार नाही. तुम्हाला दाखवायसाठी त मुळीच नाही. मैतू उभी राहत नाही म्हणून तिला कोनी रस्त्यावर पळवून पाह्यते काय?"

मैतू माझ्या पायाशी रेतीत बसली होती. तिनं आजोबांना पाहून मूठभर रेती दाखवली. भगवानराव म्हणाले, "बळीरामजी, तुमच्या घरात सून बोलते वाटते." मामाजींनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. कारण तोपर्यंत शेवंतीनं त्यांचा वास घेतला होता. इतक्या महिन्यांनी. ती सरळ चालत त्यांच्यापाशी गेली, सदऱ्याच्या खिशात नाक घातलं आणि आतला रुमाल बाहेर काढला. बहुधा पूर्वी त्या खिशात गूळ असायचा. मामाजी तसेच उभे. मग त्यांचा हात तिच्या मानेवर गेला, तिथून खांद्यावर, तिथून खाली दुखऱ्या पायापर्यंत. ते उकिडवे बसले आणि खूप वेळ उठले नाहीत.

उठले तेव्हा डोळे पुसायला रुमाल नव्हता. तो शेवंतीकडे होता.

"भगवानराव," ते म्हणाले, "चहा घेऊ आपण. रिकामा टेम्पो नेणं हलकं पडते."

"अन् घोडी?"

"सून नाही म्हणते ना बापा! अन् लगनं काय, पुढच्या सालीई होतात. लोकं कधी लगन करणं बंद करून राह्यले काय?"

त्या वर्षीची लग्नसराई शेवंतीविनाच सुरू झाली. दोन नवरदेव बुलेटवर आले. त्यातला एक ढकलत आला.

तूर निघाली, रान मोकळं झालं, आणि मॅडमनी एका सकाळी पाय दाबून, वळवून, चालवून पाहिला. मग उठून हात झटकले. "सोडा आता. शेतात. मोकळी."

वच्छलाबाईंच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आम्ही सगळे उभे होतो. अश्वजित रजा काढून आले होते. मैतू आजोबांच्या खांद्यावर. मी दोर धरून शेतात गेले, गाठ सोडली आणि दोर मात्र हातातून सुटेना. "सोड वो पोरी!" मामाजी ओरडले. "सोडते ना," म्हणत मी आणखी घट्ट धरला. किती महिने तिला पळू नको, पळू नको म्हणत होते मी. आता कुठल्या तोंडानं सोडायची?

सोडला.

शेवंतीनं मान खाली घातली आणि धुऱ्याकडेचं गवत खायला सुरुवात केली. आम्ही वाट पाहिली. ती गवत खात राहिली. अश्वजितनी शीळ घातली. मामाजींनी जिभेनं टकटक केली. "पळ ना माय," वच्छलाबाई हात जोडून म्हणाल्या. मीही म्हणाले. सगळा धुरा तिला विनवत होता आणि ती शांतपणे एकेक पातं निवडत होती.

मग कशानं, कोण जाणे, काहीच झालं नव्हतं, तिनं मान वर केली, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि निघाली. आधी चाल, मग दुडकी, मग ढेकळं मागे उडवत सरळ, अगदी सरळ, त्या टोकाच्या पळसापर्यंत. वळली. चारही पाय एकसारखे. मामाजी मैतूचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले.

"पहिल्या दिवशी एवढं पुरे," मॅडम मागून म्हणाल्या. "थांबवा आता तिला."

तिला थांबवायचं कसं, ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. मी आपली मान हलवली आणि पाहत राहिले.